करदात्यांचे कैवारी आणि त्यांचे बोलविते धनी

ब्रिटनच्या पंतप्रधानपदी लिझ ट्रस अवघे एकोणपन्नास दिवस होत्या. तथापि पद सोडणाऱ्या पंतप्रधानाने आपल्या पसंतीच्या काही व्यक्तींची मानसन्मानासाठी शिफारस करावी, अशी तेथे प्रथा आहे व तिचा लाभ ट्रसबाईंनीही घेतला. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या त्यांच्या यादीत मॅथ्यू एलियट हे नाव होते. २०२४ साली हे गृहस्थ लॉर्ड सभेत दाखल झाले आणि हुजूर पक्षाच्या बाकांवर बसले. एलियट हे कधी कॉमन्स सभेवर निवडून आलेले नव्हते, त्यांनी कोणते मंत्रिपदही सांभाळले नव्हते. त्यांची ख्याती वेगळ्या कारणासाठी आहे. २००४ साली लंडनमध्ये ‘टॅक्सपेअर्स अलायन्स’, म्हणजे करदात्यांची आघाडी, या नावाची जी संघटना निघाली तिचे ते एक संस्थापक. कर कमी करावेत, सरकारी खर्चाला कात्री लावावी आणि उधळपट्टी चव्हाट्यावर आणावी, हे या संघटनेचे कार्य. आपण कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधलेलो नाही, सामान्य करदात्यांमधून उभे राहिलेले हे आंदोलन आहे, असे ती स्थापनेपासून सांगत आली आहे.

पक्षनिरपेक्ष म्हणविणाऱ्या संघटनेचा संस्थापक वीस वर्षांनी एका पक्षाच्या बाकावर जाऊन बसला, यात बेकायदा काही नाही. सार्वजनिक कामात पडलेल्या माणसाला स्वतःची राजकीय मते असतात व ती असण्यात गैर काय? परंतु या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे येतो. कर कमी करण्याची मागणी करणारी, अहवाल प्रसिद्ध करणारी आणि त्याच वेळी सरकारवर दबाव आणणारी संस्था राजकीयदृष्ट्या स्वतंत्र आहे, हे ओळखायचे कशावरून? तिच्या स्वतःच्या ग्वाहीवरून, की आणखी कशावरून?

उदय आणि यश

ही संघटना जन्मली तो काळ टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारचा होता. आरोग्यसेवा व शाळा यांवरचा खर्च अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन झपाट्याने वाढवीत होते. १९९७ व २००१ अशा दोन निवडणुकांत सपाटून मार खाल्लेला हुजूर पक्ष इतका बिचकला होता की, करकपातीचे आश्वासन उघडपणे देण्याचेही धाडस त्याच्या नेत्यांना होत नव्हते. एलियट हे त्यापूर्वी युरोपीय पार्लमेंटमधील एका हुजूर सदस्याचे सचिव म्हणून काम करीत. पक्षाने टाकून दिलेला झेंडा पक्षाबाहेर राहून उचलावा, हा संस्थापकांचा हेतू होता.

त्यांनी जी कार्यपद्धती स्वीकारली ती कल्पक होती, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा २००० साली झाला व २००५ च्या जानेवारीपासून तो पूर्णपणे अमलात आला. या हत्याराचा उपयोग संघटनेने इतर कोणाहीपेक्षा चिकाटीने केला. देशातील नगरपालिकांना व काउंटी मंडळांना तिने पत्रामागून पत्रे पाठविली. कोणत्या अधिकाऱ्याचा पगार किती, प्रवासावर काय खर्च झाला, जाहिरातींवर किती रक्कम गेली, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. २००६ साली सरकारी उधळपट्टीचे एक जाडजूड पुस्तक निघाले. २००७ पासून पालिकांमधील गलेलठ्ठ पगाराच्या अधिकाऱ्यांची वार्षिक यादी निघू लागली. वृत्तपत्रांना हवी ती सामग्री आयती मिळाली. आकडा, संताप आणि एका वाक्याची प्रतिक्रिया असा तो तयार माल असे. ‘गार्डियन’ने २००९ साली केलेल्या मोजणीनुसार एकट्या ‘डेली मेल’ने एका वर्षात पाचशेहून अधिक लेखांत व बातम्यांत या संघटनेचा हवाला दिला होता. त्याच वर्षी पार्लमेंटच्या सदस्यांनी उकळलेल्या भत्त्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि सार्वजनिक पैशाच्या हिशेबाविषयी लोकांच्या मनात खदखदणाऱ्या रागाला उधाण आले. संघटनेचे बळ त्यामुळे वाढले.

या कामगिरीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सार्वजनिक तिजोरीतील पैसा कसा खर्च होतो हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे व तो बजावणारी माणसे विरळा असतात. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्याचा पगार पंतप्रधानाच्या पगारापेक्षा अधिक का, हा प्रश्न कोणी का विचारीना, त्याचे उत्तर मिळालेच पाहिजे. प्रश्न विचारणारा कोण आहे यावरून प्रश्नाची योग्यता ठरत नाही. मात्र प्रश्न विचारणारा जेव्हा कोट्यवधी लोकांच्या वतीने बोलत असल्याचा दावा करतो, तेव्हा त्या दाव्याची तपासणी होणे क्रमप्राप्त ठरते.

‘करदाता’ म्हणजे कोण?

पहिली तपासणी ‘करदाता’ या शब्दाचीच करावयास हवी. ब्रिटनमध्ये वस्तू व सेवांवर वीस टक्के मूल्यवर्धित कर आहे. दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस तो भरतो. निवृत्तिवेतनावर गुजराण करणारी वृद्धा करदाता आहे, सरकारी रुग्णालयातील परिचारिका करदाता आहे, शाळेतील शिक्षक व पालिकेतील कारकूनही करदाते आहेत. यांपैकी अनेकांचे वेतन करांतूनच येते आणि त्याच वेतनातून कर कापलाही जातो. परिचारिकेला कर कमी हवा असेल, पण रुग्णालयातील खाटा कमी झालेल्या तिला नको असतील. वृद्धेला पालिकेची पट्टी जाचत असेल, पण घरी येऊन तिची शुश्रूषा करणारी पालिकेची बाई येईनाशी झाली तर ती असहाय होईल. तेव्हा करदात्यांचे म्हणून एकच एक हित असते व ते कर कमी होण्यात सामावलेले असते, हे गृहीत धरणे हीच एक राजकीय भूमिका आहे. ती घेण्याचा अधिकार कोणालाही आहे. परंतु तिला सर्व करदात्यांचा आवाज म्हणणे म्हणजे एका भाडेकरूने सगळ्या चाळीच्या वतीने करारनाम्यावर सही करण्यासारखे आहे.

२०१२ साली या संघटनेने कंपनी संचालकांच्या एका प्रतिष्ठित संस्थेच्या सहकार्याने करपद्धतीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. उत्पन्नावर सरसकट तीस टक्के इतकाच एक दर असावा, कंपनी कर, भांडवली नफ्यावरील कर व वारसा कर रद्द करावेत, सरकारचा एकूण करभार राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेहतीस टक्क्यांच्या आत आणावा, अशा त्यात शिफारशी होत्या. अहवाल अभ्यासपूर्वक लिहिलेला होता आणि करपद्धती सुटसुटीत करण्याच्या बाजूने त्यात मांडलेले काही मुद्दे विचारार्ह होते. परंतु ब्रिटनमध्ये वारसा कर दर वीस मृत्यूंमागे एकाच्या मालमत्तेलाही लागत नाही. उत्पन्नाच्या वरच्या थरावर त्या काळी पन्नास टक्के दर होता. तो तीसवर आला तर सर्वाधिक लाभ कोणाचा होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. सामान्य करदात्याच्या नावाने निघालेल्या या मागणीची फळे मुख्यतः असामान्य करदात्याच्या पदरात पडणारी होती. अशा वेळी या संशोधनाचा खर्च कोणी केला, हे विचारणे मुळीच अप्रस्तुत ठरत नाही.

देणग्यांवरचा पडदा

येथेच खरी अडचण सुरू होते. संघटना आपल्या मोठ्या देणगीदारांची यादी प्रसिद्ध करीत नाही. तसे करण्याचे कायदेशीर बंधन तिच्यावर नाही. २००० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये राजकीय पक्षांना मोठ्या देणग्या जाहीर करणे सक्तीचे केले. प्रारंभी ही मर्यादा पाच हजार पौंड होती, २०१० पासून ती साडेसात हजार झाली आणि २०२४ पासून ११,१८० पौंड आहे. एखाद्या कारखानदाराने हुजूर किंवा मजूर पक्षाला त्याहून अधिक रक्कम दिली की, काही महिन्यांत त्याचे नाव निवडणूक आयोगाच्या नोंदीत येते व कोणताही नागरिक ते वाचू शकतो. तोच पैसा त्याने त्याच पक्षाच्या विचारांना पोषक असा प्रचार करणाऱ्या संस्थेला दिला, तर त्याचे नाव कोठेही येत नाही. दबावगटांची नोंदणी करण्यासाठी २०१४ साली एक कायदा झाला. परंतु दुसऱ्यांसाठी मोबदला घेऊन मंत्र्यांच्या भेटीगाठी घेणाऱ्या सल्लागारांपुरतीच त्याची नोंदवही मर्यादित आहे. स्वतःच्या नावाने काम करणाऱ्या संस्था तीतून निसटतात. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

पडदा अधूनमधून सरकला तेव्हा जे दिसले ते सूचक होते. मिडलंड्समधील उद्योगपतींच्या एका मंडळाने संघटनेला सुमारे ऐंशी हजार पौंड दिल्याचे २००९ साली ‘गार्डियन’ने प्रसिद्ध केले. हेच मंडळ हुजूर पक्षाच्या मोठ्या देणगीदारांपैकी एक होते. एवढ्यावरून संघटना ही पक्षाची छुपी शाखा ठरत नाही. एकच माणूस एकाच मताने दोन संस्थांना पैसे देऊ शकतो. पण एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. पालिकेतील अधिकाऱ्याच्या चहापाण्याचा खर्च मागणारी, माहितीच्या कायद्याखाली हजारो पत्रे लिहिणारी ही संघटना स्वतःच्या हिशेबाविषयी विचारले की खाजगीपणाचा आधार घेते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण अशांसाठीच असावी. पालिका करदात्यांच्या पैशावर चालते म्हणून तिने हिशेब द्यावा, आम्ही खाजगी देणग्यांवर चालतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. पैसा खाजगी असला तरी त्या पैशाने मिळविलेला प्रभाव सार्वजनिक असतो. कायदे, अर्थसंकल्प व धोरणे यांवर तो पडतो आणि त्याचे परिणाम साऱ्यांना भोगावे लागतात.

पक्षावर टीका म्हणजे स्वातंत्र्य?

आपल्या स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून संघटनेचे समर्थक एक गोष्ट आवर्जून सांगतात. हुजूर पक्षाच्या सरकारांवरही तिने सडकून टीका केली आहे. हे खरे आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या अतिजलद रेल्वेच्या प्रचंड खर्चाला तिने कडवा विरोध केला. परदेशांना द्यावयाच्या मदतीसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा ठराविक हिस्सा बांधून ठेवण्याचे कॅमेरन सरकारचे धोरण तिला मान्य नव्हते. २०२१ साली बोरिस जॉन्सन यांनी राष्ट्रीय विम्याची वर्गणी वाढविली तेव्हाही ती गप्प बसली नाही. २०१६ च्या सार्वमतात एलियट यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले ते तर हुजूर पंतप्रधान कॅमेरन यांच्या विरोधात जाऊन. मग हे पक्षाचे ताबेदार कसे?

या आक्षेपाचे उत्तर देताना स्वातंत्र्य या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. पक्षाच्या नेतृत्वापासून स्वातंत्र्य ही एक गोष्ट आणि पैसा पुरविणाऱ्यांपासून स्वातंत्र्य ही दुसरी. पहिले स्वातंत्र्य या संघटनेपाशी बऱ्याच अंशी आहे. पक्षाने हुकूम सोडावा आणि संघटनेने तो झेलावा, असा हा संबंध नाही. वस्तुतः ओढ उलट्या दिशेने आहे. पक्षाला आपल्याकडे खेचून नेणे हेच संघटनेचे कार्य आहे व त्यासाठी पक्षावर टीका करावीच लागते. हुजूर सरकारवर तिने केलेली टीका नेहमी एकाच बाजूने आलेली दिसते: सरकार पुरेसे काटकसरी नाही, कर पुरेसे कमी नाहीत. माणसांची ये-जाही तेच सांगते. संघटनेत मोहिमेचे काम पाहणाऱ्या एक बाई २०१० नंतर हुजूर मंत्र्याच्या सल्लागार झाल्या व पुढे पक्षाच्या वृत्तविभागाच्या प्रमुख बनल्या. संघटनेचे माजी प्रमुख मॅथ्यू सिंक्लेअर २०२२ साली पंतप्रधान ट्रस यांचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले. मजूर पक्षाच्या दिशेने अशी वाट कधी वाहती झाली नाही.

दुसऱ्या स्वातंत्र्याविषयी मात्र बाहेरच्या माणसाला काहीच म्हणता येत नाही, कारण त्याची परीक्षा घेण्याचे साधनच त्याच्या हाती नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा जगाचा व्यवहार आहे. या संघटनेने तो मोडला असेलही. देणगीदाराच्या हिताविरुद्ध जाणारा निष्कर्ष तिने निर्भयपणे छापला असेलही. पण देणगीदारच ठाऊक नसेल तर ही निर्भयता कोणी आणि कशी पाहावयाची? गुप्ततेमुळे प्रामाणिक संस्थेचेही नुकसान होते ते असे. तिला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

नोकराला मिळालेली वागणूक

शाहमीर सन्नी या तरुणाचे प्रकरण या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. हा संघटनेत नोकरीला होता. सार्वमताच्या मोहिमेत खर्चाची कायदेशीर मर्यादा ओलांडली गेली, असा गौप्यस्फोट त्याने २०१८ च्या मार्चमध्ये केला. थोड्याच दिवसांत संघटनेने त्याला कामावरून काढले. त्याच वर्षी जुलैत निवडणूक आयोगाने एलियट यांनी चालविलेल्या ‘व्होट लीव्ह’ मोहिमेला ६१ हजार पौंड दंड केला. सन्नी याने औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली तेव्हा संघटनेने खटला न लढविता बडतर्फी अन्याय्य असल्याचे मान्य केले. सार्वमताची मोहीम ही कागदोपत्री वेगळी संस्था होती. तिच्याविषयी बोलणाऱ्याला करदात्यांच्या संघटनेने का काढावे? पार्लमेंटपासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या टफ्टन स्ट्रीटवरील ५५ क्रमांकाच्या इमारतीत अनेक वर्षे समविचारी संस्थांचा जो गोतावळा नांदत होता, त्याच्याविषयी शंका घेणाऱ्यांना या घटनेने नवे निमित्त पुरविले. पाट्या निराळ्या असल्या तरी उंबरा एकच, असे लोकांना वाटू लागले तर दोष लोकांचा नव्हे.

दोन प्रामाणिक मार्ग

राजकारणाशी संबंध ठेवणाऱ्या अभ्याससंस्था याहून वेगळ्या रीतीने चालू शकतात, याची उदाहरणे त्याच देशात आहेत. फेबियन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली. मजूर पक्षाच्या स्थापनेतच तिचा वाटा होता आणि त्या पक्षाशी असलेले नाते तिने कधी लपविले नाही. १९७४ साली कीथ जोसेफ व मार्गारेट थॅचर यांनी ‘सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज’ काढले, ते हुजूर पक्षाचे विचार बदलण्यासाठी, हे त्यांनी उघडपणे सांगितले. तिचे अहवाल वाचणाऱ्याला आपण कोणाच्या दुकानात उभे आहोत हे ठाऊक असते. हा एक मार्ग.

दुसरा मार्ग ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संस्थेचा. तिची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. १९६५ साली मजूर सरकारने भांडवली नफ्यावरील कर व कंपनी कर आणले. त्या घाईघाईच्या कायद्याने लंडनच्या अर्थव्यवसायातील काही मंडळी संतापली आणि त्या संतापातून १९६९ साली ही संस्था निघाली. म्हणजे तिचाही उगम करांविषयीच्या नाराजीतच झाला. परंतु तिने पुढे विद्वानांना हाती धरले, निधीचा मोठा भाग सार्वजनिक संशोधन परिषदेकडून मिळविला, कोणाकडून किती पैसा येतो हे जाहीर केले आणि प्रत्येक अर्थसंकल्पाचे विच्छेदन सारख्याच सुरीने केले. आज हुजूर अर्थमंत्री असो वा मजूर, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ही संस्था काय म्हणते याची त्याला धास्ती असते. एखाद्या संस्थेचे स्वातंत्र्य तिच्या जन्मपत्रिकेत लिहिलेले नसते. ते वर्षानुवर्षांच्या आचरणाने कमवावे लागते, हेच यावरून दिसते.

२०२२ चा धडा

हा सारा वाद तात्त्विक आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने २०२२ चा सप्टेंबर आठवावा. त्या महिन्याच्या २३ तारखेला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. ती भरून कशी काढावयाची याचा पत्ता नव्हता. सर्वोच्च उत्पन्नावरील पंचेचाळीस टक्क्यांचा दर काढून टाकण्याचाही त्यात समावेश होता. अर्थसंकल्पीय अंदाज तपासण्यासाठी २०१० साली जे स्वतंत्र कार्यालय स्थापन करण्यात आले होते, त्याचा अहवाल न मांडताच ही घोषणा झाली. अर्थखात्यातील सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला आधीच घरी पाठविण्यात आले होते. कमी कराचा वर्षानुवर्षे पुरस्कार करणाऱ्या संस्थांच्या वर्तुळात या धोरणाचे स्वागत झाले व ते स्वाभाविक होते, कारण त्यांची माणसे व त्यांच्या कल्पना आता पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत पोहोचल्या होत्या.

पुढे काय झाले ते जगाने पाहिले. पौंड घसरला, सरकारी रोख्यांच्या किमती कोसळल्या, निवृत्तिवेतन निधी धोक्यात आले आणि बँक ऑफ इंग्लंडला धावून येऊन रोखे खरेदी करावे लागले. घरांच्या कर्जांवरील व्याज वाढले. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, तीन दिवसांनी नव्या अर्थमंत्र्यांनी जवळजवळ सारी करकपात मागे घेतली आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. घराचे हप्ते भरणाऱ्या शिक्षकाला व कारकुनाला या प्रयोगाची किंमत मोजावी लागली. तेही करदातेच होते. कर कमी करावेत ही कल्पना यामुळे कायमची खोटी ठरली असे नव्हे. ज्यांचे हिशेब सर्वांसाठी खुले आहेत अशा तपासनिसांना दूर सारून, ज्यांचे हिशेब कोणीच पाहिलेले नाहीत अशांचा सल्ला मानला तर काय होते, याचा मात्र हा धडा आहे.

गुप्ततेचे समर्थन आणि त्याची मर्यादा

देणगीदारांची नावे गुप्त ठेवण्याच्या बाजूनेही एक गंभीर युक्तिवाद आहे व तो डावलून चालणार नाही. १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याविरुद्ध एक महत्त्वाचा निर्णय दिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने आपल्या सदस्यांची यादी सरकारच्या हवाली करावी, अशी त्या राज्याची मागणी होती. यादी उघड झाली असती तर सदस्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, कित्येकांच्या जिवावर बेतले असते. न्यायालयाने मागणी फेटाळली आणि ते योग्यच झाले. २०२१ साली त्याच न्यायालयाने या निर्णयाचा आधार घेऊन कॅलिफोर्निया राज्याचा देणगीदारांची माहिती मागणारा नियम रद्द केला. या वेळी दाद मागणाऱ्यांत कोट्यधीश कोक बंधूंच्या वर्तुळातील एक प्रतिष्ठान होते. अलाबामातील शेतमजूर आणि कॅन्ससमधील अब्जाधीश यांना एकाच छत्रीखाली उभे करण्याचा हा प्रकार होता. दुबळ्याला सूड घेतला जाण्याची भीती असते म्हणून त्याचे नाव झाकावे, हे न्याय्य आहे. बलवानाचे नाव झाकले तर सूडाची भीती दुसऱ्या बाजूला उत्पन्न होते. यावर मार्ग काढणे अशक्य नाही. पाच-पंचवीस पौंड देणाऱ्या सामान्य वर्गणीदाराचे नाव खुशाल गुप्त राहावे. राजकीय पक्षांना जी मर्यादा लागू आहे तीच धोरणांवर प्रभाव पाडू पाहणाऱ्या संस्थांना लावावी व तिच्या वरच्या रकमा उघड कराव्यात. हा नियम डाव्या, उजव्या, कामगार संघांच्या पैशावर चालणाऱ्या वा भांडवलदारांच्या, अशा सर्व संस्थांना सारखाच असावा.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. १९५६ साली मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही संस्था काढली. नियोजनाच्या त्या भरतीच्या काळात खाजगी उद्योगाची बाजू मांडणे हे तिचे काम. १९५९ साली राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला तेव्हा त्याचे व फोरमचे आर्थिक विचार पुष्कळ अंशी जुळणारे होते, पण फोरम ही पक्षबाह्य संस्था म्हणूनच राहिली. नानी पालखीवाला यांची अर्थसंकल्पावरील व्याख्याने एका हॉटेलच्या सभागृहातून सुरू झाली आणि पुढे ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागली. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता हे लक्षात घेता त्यांच्या टीकेला केवढा आधार होता हे कळते. पालखीवाला टाटा उद्योगसमूहात उच्चपदावर आहेत, हे स्टेडियमच्या अखेरच्या रांगेत बसलेल्या कारकुनालाही माहीत होते. वक्ता कोठून बोलतो आहे हे जाणून श्रोता त्याचे म्हणणे तोलून घेत असे. पटले ते स्वीकारीत असे, न पटले ते सोडून देत असे. उघडेपणाचा लाभ हाच.

याच देशात राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याची सोय करणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ साली आली. देणगीदारांना सूडापासून संरक्षण हवे, हेच तिचे समर्थन होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती घटनाबाह्य ठरविली. पैसा कोणी दिला हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. हा निर्णय पक्षांपुरता आहे. परंतु त्यामागील विचार, धोरणे घडविण्यासाठी जनतेच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू पडतो.

कर किती असावेत याविषयी मतभेद राहणारच. ते लोकशाहीचे नित्याचे काम आहे. कर कमी करा म्हणणाऱ्यांचे तोंड कोणी बंद करू नये, त्यांच्या प्रश्नांना सरकारने चोख उत्तरे द्यावीत. मात्र पालिकेच्या दारात उभे राहून जो मोठ्याने हिशेब मागतो, त्याने आपली वही बगलेत लपवून ठेवू नये. करदात्याचे नाव घेऊन बोलावयाचे असेल तर निदान एक हिशेब करदात्यासमोर मांडलाच पाहिजे, आणि तो म्हणजे आपल्या बोलण्याचा खर्च कोण देतो याचा.